तुमचा घाणा आणि आमचा घाणा

भजीवाले भाऊ,

शालोम आणि सप्रेम नमस्कार.

आमच्या हनुक्का सणाच्या त्या रात्री तळण झाल्यावर पैशांचं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. "पोरगा एकटाच आहे गाडीवर," म्हणालात आणि ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या गर्दीत दिसेनासेही झालात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाडीवर आले, तर माझ्या वडापावचेसुद्धा पैसे घेईनात! मग आभार मानायचे तरी कसे? तुमची लेक मोबाइलवर सगळं वाचते असं तुम्हीच सांगितलं होतंत. तिनं हे तुम्हाला वाचून दाखवावं.

तुम्हाला ठाऊक आहेच, पण लेकीला कदाचित नसेल, म्हणून सांगते. टेंभी नाक्याजवळचं आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचं आहे, शाआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले आणि चौदा जण वाचले, सात पुरुष आणि सात बायका, असं आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. कोकणात त्यांनी धंदा धरला तेलाचा. घाण्याला बैल जुंपायचे आणि शनिवारी घाणा बंद, कारण शनिवार आमचा शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा. गावानं नाव पाडलं 'शनवार तेली'.

आता गंमत बघा. हनुक्का हा तेलाचा सण. जेरुसलेमचं मंदिर शत्रूच्या हातून सोडवल्यावर तिथं एका दिवसापुरतंच शुद्ध तेल सापडलं आणि दिवा मात्र आठ दिवस जळला, त्याची ही आठवण. म्हणून आठ रात्री दिवे लावायचे आणि तेलात तळलेलं खायचं. पण आमचे लोक त्या घटनेच्या आधीच कोकणात पोचले होते, असं आमची परंपरा सांगते, त्यामुळे हा सण त्यांना माहीतच नव्हता. पुढे कितीतरी शतकांनी बाहेरून आलेल्या शिक्षकांनी तो शिकवला. पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्यांना तेलाचाच सण ठाऊक नव्हता! आणि त्याच तेल्यांच्या नातीला, म्हणजे मला, तेल तापलं की नाही हे कळेना.

झालं असं की २५ डिसेंबर २०२४च्या संध्याकाळी हनुक्काचा पहिला दिवा होता, आणि साठ माणसांच्या गोडाची जबाबदारी मी हौसेनं घेऊन बसले. दरवर्षीचे गुलाबजाम नकोत, असं मीच ठणकावून सांगितलं होतं. इस्रायलमधल्या अश्दोदच्या भाचीनं फोटो पाठवला होता : सफरचंदाच्या चकत्या, मधे भोक, पिठात बुडवून तळलेल्या, वर पिठीसाखर. युरोपातल्या यहुदी घरांतला प्रकार. दिसायला किती सोपा! दोन दिवस आधी करून पाहिल्या, तर पीठ एकीकडे आणि सफरचंद दुसरीकडे. कढईत नुसता लगदा.

तो लगदा डब्यात घालून मी तुमच्याकडे आले. तुम्ही एक तुकडा बोटांत दाबून पाहिलात आणि म्हणालात, "हे तळलं नाही ताई, तेलात उकडलंय." अस्सा राग आला होता मला! पण पुढचाच प्रश्न तुम्ही नेमका विचारलात, "फळाला साखर आधी लावली का?" लावली होती, चांगली अर्धा तास आधी. "मग पाणी सुटणारच. ओल्या अंगाला पीठ धरत नाही."

त्यानंतर गाडीवरच्या गर्दीत, एकीकडे मिरच्या तळत, तुम्ही मला जे शिकवलंत ते मी पावतीच्या मागे लिहून घेतलं. ती पावती अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे. चकती फडक्यानं टिपायची, कोरड्या पिठात घोळवायची, मगच ओल्या पिठात. पीठ ताकासारखं नको, इडलीच्या पिठासारखं हवं. किलोभर मैद्याला वाटीभर तांदळाचं पीठ, वरून कडकडीत तेलाचं मोहन. साखर पिठातही नको, तांबूस रंग लवकर येतो आणि आत कच्चं राहतं. पिठाचा थेंब तेलात टाकायचा : तळाशीच बसला तर थांबायचं, टाकल्या टाकल्या तांबडा झाला तर गॅस कमी करायचा. आणि सफरचंदं रवाळ नकोत, करकरीत आंबट हवीत. "त्यापेक्षा वसईची राजेळी केळी आणा की," हा सल्लाही तुमचाच. तीन डझन आणली आणि आधी तीच संपली.

"दूध घाला, रंग छान येतो," असं म्हणालात तेव्हा मी अडखळले. जेवणात कोंबडी होती, आणि मांसासोबत दूध आम्हाला चालत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "मग नारळाचं घाला." आमची आजी हेच करायची, भाऊ. हे मला का सुचलं नाही, कोण जाणे.

खरी अवघड गोष्ट मात्र पुढेच होती. तुम्ही यायला तयार झालात, पण तुमची कढई, तुमचं तेल, तुमचा झारा आमच्या खाण्यापिण्याच्या धर्मनियमांमुळे सणाच्या खाण्याला चालणार नव्हता. हे तोंडावर सांगायचं कसं? दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. शेवटी सांगितलं तेव्हा तुम्ही क्षणभर गप्प झालात आणि म्हणालात, "म्हणजे फक्त हात आणायचे. धुऊन आणतो."

तुम्ही सहा वाजता हात धुऊन आलात. गॅस मी पेटवायचा, पहिला घाणा मी सोडायचा, हेही तुम्ही हसून मान्य केलंत. चकत्या तेलात टाकताना माझा हात थरथरत होता. तुम्ही कानोसा घेत होतात. "आवाज ऐका ताई. आत पाणी आहे तोवर चुरचुरतं. बारीक झालं की उलटा." त्या दिवसापासून भाजीसुद्धा मी कानानं करते.

तेवढ्यात आत दिवे लावायची वेळ झाली. पहिल्या रात्रीचा एक दिवा, शिवाय तो पेटवणारा शामाश. पेल्यांत खोबरेल. आणि मग माझ्या लक्षात आलं, की दिवे जळत असताना बायकांनी हात चालवायचे नाहीत ही आजीची रीत, निदान अर्धा तास तरी. मी बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा कढईत आठ चकत्या होत्या, मागे पंचवीस पानं वाट बघत होती, आणि तुम्ही म्हणालात, "जा की मग, बसा."

अर्धा तास मी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले, असं माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. मागून तुमचा आवाज येत होता. पोरांना ओळीत उभं करत होतात, "गरम आहे, फुंकर मार," म्हणत होतात, पिठीसाखर आणि दालचिनी चिमटीनं भुरभुरत होतात. माझ्या शेजारी मावशी बसली होती. बाहेरच्या माणसाला बोलावलं म्हणून सकाळपासून ती माझ्यावर फुरंगटली होती. तिनं एक चकती खाल्ली. मग दुसरी घेतली. मग मला विचारलं, "ह्यांचा घाणा कुठं असतो?"

मी गाडीचा पत्ता सांगितला. आणि मग सुचलं, की आपला दोघांचा शब्द एकच आहे. आमचा घाणा तेल काढायचा, तुमचा घाणा तेलातून काढायचा. तुम्हाला हे तिथंच सांगायचं होतं, पण तुम्ही माझ्या झाऱ्याकडे बघत होतात. "हा झारा आहे की चमचा?" असं म्हणाला होतात. खरं होतं ते. साठ माणसांचं तळण तुम्ही त्या टीचभर झाऱ्यानं काढलंत आणि मनगटावर तेलाचा शिंतोडा उडाला तो दाखवलासुद्धा नाहीत. मला तो दुसऱ्या दिवशी वडापाव देताना दिसला.

२०२५चा हनुक्का १४ डिसेंबरला संध्याकाळी लागतो. वार रविवार, म्हणजे तुमच्या गाडीवर ऐन गर्दी. तरी विचारते. तुमच्यासारखाच लांब दांड्याचा, मोठ्या जाळीचा झारा मी बाजारातून आणून ठेवला आहे. वेगळ्या खणात आहे, अजून कोरा.

तुमची,
सफरचंदवाली ताई