हॉर्नची वाट बघू नका, बाबा

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडे हायवेला स्पीडची मर्यादाच नाही म्हणे?" आणि मागून आई म्हणाली, "मग तू कशाला चालवतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. शिवाय उन्हाळ्यात तुम्ही दोघं जर्मनीला येताय. बाबा पुढच्या सीटवर बसणार, आणि तिथे बसले की ते गप्प राहत नाहीत हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

आधी वेगाचं. ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या हायवेच्या, बऱ्याच भागावर मोटारींना सक्तीची मर्यादा खरंच नाही. ताशी 130 किलोमीटर हा फक्त सुचवलेला वेग आहे, 1978 पासून. पण शहरांजवळ, रस्त्याचं काम चालू असेल तिथे पाट्या असतात आणि कॅमेरेही. मी स्वतः 130च्या पुढे फारशी जात नाही. आई, भीती धरायची तर माझ्या वेगाची नाही, मागून येणाऱ्याच्या वेगाची. मी 130ने चाललेय आणि तो 200ने, म्हणजे दर सेकंदाला तो साधारण 19 मीटर जवळ येतोय. आरशात ठिपका दिसतो आणि बघता बघता त्याची मोटार होते. त्यामुळे लेन बदलायची तर आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर. ही नजर चुकली तर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास करतात.

मला वाटतं, दोन्हीकडचा मूळ फरक इथेच आहे. आपल्याकडे माणूस पुढे बघून चालवतो. पुढचं मी सांभाळायचं, मागच्याने त्याचं सांभाळायचं, आणि तो आलाय हे त्याने हॉर्न वाजवून कळवायचं. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' असतं ती नुसती नक्षी नाही. मला मागचं दिसत नाही, तू सांग, असं तो ड्रायव्हर विनवतोय. इथले आपले लोक या पद्धतीला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. ट्रॅक्टर, रस्ता ओलांडणारी माणसं, राँग साइडने येणारी मोटारसायकल, मध्येच आडवं जाणारं कुत्रं, हे सगळं समोर असताना आरशात बघत बसणारा टिकायचा नाही.

इथे मागून येणाऱ्याची निम्मी काळजी पुढच्याने करायची. ओव्हरटेक करतोय हे कळवायला गावाबाहेर हॉर्न वाजवायची कायद्याने मुभा आहे, पण वाजवत कोणी नाही. वाजलाच तर काहीतरी बिनसलंय समजायचं. म्हणून बाबा, हॉर्न ऐकू आला नाही म्हणजे मागे कोणी नाही असं धरू नका.

उजवी लेन चालण्याची, डावी ओव्हरटेकची, आणि ओव्हरटेक झाला की मुकाट्याने परत उजवीकडे. उजव्या बाजूने पुढे घुसलात तर 100 युरो दंड. आपल्याकडे ओव्हरटेकच्या उजव्या लेनमध्येच ट्रक रमतगमत चाललेला असतो आणि सगळे डावीकडून, म्हणजे आपल्याकडच्या चुकीच्या बाजूने, सटकतात. तसं चुकीच्या बाजूने जाणं इथे चालत नाही. ऑफिसच्या कामाने अमेरिकेत गेले तेव्हा मात्र दोन्ही बाजूंनी गाड्या पुढे जात होत्या, जो तो आपापली लेन धरून. वेग इथल्यापेक्षा कमी, तरी मला तिथेच जास्त धडधडलं.

पुढच्या गाडीपासूनच्या अंतराचा नियम सोपा: वेगाच्या काट्यावर जो आकडा त्याच्या निम्मे मीटर. 130ला 65 मीटर. आपल्याकडे 65 मीटर मोकळे सोडले तर तीन गाड्या आणि एक टेम्पो आभार न मानता आत शिरतील!

आता डिपर. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की 'मी येतोय, तू थांब'. इंग्लंडमध्ये तोच डिपर बहुतेक वेळा 'तू जा आधी' असा असतो, आणि त्यांच्या नियमपुस्तकात त्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच. म्हणजे आपला माणूस तिकडे आणि त्यांचा इकडे, दोघेही एकाच वेळी पुढे निघायचे किंवा दोघेही थांबायचे. जर्मनीत मागून एकदा मारला तर 'बाजूला हो'. पण बंपरला चिकटून मारत राहिला तर तो जबरदस्तीचा गुन्हा ठरू शकतो. जपानात जागा दिली की पुढे आलेला गाडीवाला चारही इंडिकेटर एकदम दोन-तीनदा लुकलुकवून आभार मानतो. दक्षिण आफ्रिकेतही तसंच, आणि तिथे जागा देणारा उलट डिपर मारून 'असू दे' म्हणतो. आपल्या ट्रकचा उजवा इंडिकेटर वळतोय म्हणून आहे, साइड दिली म्हणून आहे, की येऊ नको म्हणून, हे बाबांना ट्रकच्या नुसत्या चालीवरून कळतं. मला अजून उलगडलेलं नाही.

इथली सर्वांत आवडलेली रीत ट्रॅफिक जॅममधली आहे. वेग माणसाच्या चालीवर आला की सायरनची वाट न बघता सगळ्यांत डाव्या लेनवाले डावीकडे सरकतात, बाकीचे सगळे उजवीकडे. मागच्या महिन्यात आमच्या पुढे अपघात झाला होता. माझ्या शेजारच्या ट्रकवाल्याने एवढी मोठी धूड गाडी कडेच्या पट्टीवर नेली, दोन चाकं अगदी काठाला, आणि खिडकीतून मान काढून अंतर बघितलं. दोन-तीन मिनिटांत मधून ॲम्ब्युलन्स गेली, तीही वेग फारसा कमी न करता. ही वाट न ठेवणाऱ्याला किमान 200 युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. दंडामुळे करतात की मनापासून, ते कळायला मार्ग नाही. ॲम्ब्युलन्समधल्याला काय फरक पडतो म्हणा.

बाबा, तुम्हाला इथे चालवायची हौस आहे हे मला माहीत आहे. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, ते वर्षभर चालतं. मूळ लायसन्सही बरोबर आणा. विम्यात तुमचं नाव घालायचं मी बघते. आधी काही दिवस शेजारी बसा, आरसे बघा. मग एखाद्या रविवारी तुमच्या हातात देईन, कारण रविवारी मोठ्या ट्रकना रात्री 10 पर्यंत बंदी असते. आई, तू मागे बस आणि "हळू" एवढंच म्हण. "साइड दे त्याला" हे मी म्हणेन.

परमिटला किती दिवस लागतात ते चौकशी करून कळवा, त्याप्रमाणे विम्याचं करते.

तुमची,
धाकटी