यंत्रापासून दूर ठेवलेला अभियंता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

15 सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने होणाऱ्या भाषणांत ‘हल्लीची मुले मूळ शाखेत टिकत नाहीत, त्यांना केवळ पॅकेज दिसते’ ही तक्रार हमखास ऐकू येते. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर बनवण्याच्या धंद्यात 34 वर्षे काढून निवृत्त झालेल्या मला ती अपुरी वाटते. पगाराचा प्रश्न खराच आहे, कारण घराचे हप्ते समाधानावर फिटत नाहीत. परंतु बरा पगार असूनही कंटाळलेले तरुण अभियंते मी पाहतो, तेव्हा त्यांना आपल्या कामाचे पुढे काय होते हे कुणी पाहूच दिलेले नाही, असे माझ्या ध्यानात येते.

माझा पुतण्या दोन वर्षांपासून एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात आहे. पुरवठादारांना स्मरणपत्रे पाठवणे, तक्ते भरणे आणि बैठकीसाठी ते रंगवणे, एवढेच त्याचे काम. मध्यंतरी तो म्हणाला, “काका, ट्रान्सफॉर्मरची टाकी उघडलेली मी अजून एकदाही पाहिली नाही.” या वाक्याने मला माझी उमेदवारी आठवली.

तेव्हा मार्चअखेर होती आणि 66 केव्हीचा, म्हणजे 66 हजार व्होल्टचा, एक ट्रान्सफॉर्मर 31 तारखेच्या आत कारखान्याबाहेर काढायचा होता. आतल्या तारांच्या गुंडाळ्यांवरचा कागद आणि प्रेसबोर्ड, म्हणजे दाबून केलेला जाड पुठ्ठा, हवेतला ओलावा शोषून घेतात, म्हणून तेल भरण्यापूर्वी गाभा आणि गुंडाळ्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये पुरत्या वाळवाव्या लागतात. विद्युतरोधन मोजणाऱ्या मेगर या उपकरणाचे आकडे काठावरचे होते. आणखी एक दिवस थांबायला हवे होते, पण वरून तगादा होता आणि ‘चालेल’ म्हणून सही केली ती मीच. चाचणीत विजेचा दाब (व्होल्टेज) वाढवत नेला, टाकीतून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि काटा खाली पडला. तेल काढून, टाकी उघडून, आतला सगळा संसार क्रेनने वर घेतला. वयाने माझ्या वडिलांएवढ्या असलेल्या आमच्या वाइंडरने, म्हणजे तारा गुंडाळणाऱ्या कारागिराने, बॅटरीच्या उजेडात प्रेसबोर्डवर बोट ठेवले आणि ते एवढेच म्हणाले, “साहेब, हे बघा, मुंगी चालत गेल्यासारखी रेघ.” केसाएवढी बारीक, फांद्या फुटलेली ती काळी रेघ म्हणजे माझी घाई होती. ओलसर राहिलेल्या बोर्डावरून विजेने आपली वाट काढली होती.

दुरुस्तीत महिना गेला, बोलणीही पोटभर खाल्ली. मात्र तोच ट्रान्सफॉर्मर सगळ्या चाचण्या पार करून बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या बाजूच्या एका उपकेंद्रात उभा राहिला आणि पुढे कित्येक वर्षे त्या रस्त्याने जाताना मी कुंपणापाशी स्कूटर थांबवत असे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला 100 वेळा थरथरतो. तो एकसुरी घुमणारा आवाज ऐकायचा, ब्रीदरमधली, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली, सिलिका जेल निळी आहे की ओलाव्याने गुलाबी पडली ते लांबूनच पाहायचे आणि निघायचे. पत्नीला हा वेडेपणा वाटे, आणि तिचे फारसे चुकत होते असेही नाही. पण माझ्या नोकरीतले समाधान कुठे होते असे विचाराल, तर ते तिथे होते. बढतीच्या पत्रांत नव्हते.

बडोद्याला ही गोष्ट नवी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केले ते हाताने काम शिकवण्यासाठी. आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. त्यांच्याच कारकिर्दीत बांधलेल्या आजव्याच्या तलावाचे पाणी आजही शहराला मिळते आणि तेही उताराच्या जोरावर वाहत येते. नळ उघडणाऱ्याला ते आखणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. पण पाणी शहरात पोहोचले, हे आखणाऱ्याला नक्की कळले असणार.

म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे की नव्या अभियंत्याचे पहिले वर्ष चाचणी विभागात आणि दुरुस्तीला परत आलेल्या मालाजवळ जावे, आणि निकामी झालेली टाकी उघडताना ज्याने तिचा आराखडा केला त्याला तिथे उभे करावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. शिवाय कामात मुरलेल्या अभियंत्याला पगारवाढीसाठी व्यवस्थापक होणे भाग पडू नये. आमच्या पिढीतले कितीतरी चांगले डिझायनर याच कारणाने रजेचे अर्ज मंजूर करत निवृत्त झाले.

पुतण्याने माझ्या सांगण्यावरून तीन महिने चाचणी विभागात काम करू द्यावे असा अर्ज दिला होता. ‘आपल्या प्रोफाइलमध्ये बसत नाही’ असे उत्तर आले. आता तो दुसरी नोकरी शोधतो आहे आणि त्याला थांब म्हणायला माझ्याजवळ कारण उरलेले नाही.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
दांडिया बाजार, बडोदे