नाना, तुम्ही बिल दिलंत त्याबद्दल

जळगाव

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

तुमच्या वर्कशॉपच्या पहिल्या बिलाची झेरॉक्स केळीचा धागा काढायची मशीन बनवतो त्या आमच्या शेडच्या भिंतीवर लावली आहे. रक्कम ९,४०० रुपये. मशीनच्या फिरत्या ड्रमच्या दांड्याचं म्हणजे शाफ्टचं टर्निंग, त्यातली चावीची खाच म्हणजे की-वे, ड्रमचा तोल साधायचं बॅलन्सिंग, सगळं पूर्ण दराने. कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोरं शेड बघायला येतात आणि हमखास विचारतात, "फंडिंग कुठून मिळालं?" मी त्या कागदाकडे बोट दाखवतो. पण त्यामागची गोष्ट उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मे महिना होता. वर्गातली निम्मी पोरं चाकणच्या कंपन्यांच्या मुलाखतींना गेलेली, आणि आम्ही दोघं केळीच्या खांबातून धागा काढायचं मशीन टेम्पोत घालून एमआयडीसीत तुमच्या दारात. मी रावेरकडचा. घड उतरला की खांब बांधावर पडतात, ते हटवायलाही मजूर लावावे लागतात, हे लहानपणापासून बघितलेलं. शंभर किलो खांबातून कोरडा धागा निघतो जेमतेम किलोभर, बाकी बहुतेक पाणीच. ते पाणी गावोगाव वाहून नेण्यापेक्षा मशीनच शेतापाशी जायला हवं, एवढंच आमचं म्हणणं होतं. तुमच्याआधी दोन वर्कशॉप झाली होती. एकाने पाठ थोपटली आणि चहा पाजला. दुसरा म्हणाला, तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, कशाला हात काळे करता?

तुम्ही म्हणालात, "चालू करा."

चालू केलं तर फ्रेम अशी थरथरली की तुमच्या टेबलावरचा डबा खाली पडला. तुम्ही स्वतः स्विच बंद केलात. "काय भो, जीव घेता का कोनाचा?"

मग शिफ्ट सुटल्यावर तुम्ही थांबलात. दोन लोखंडी अँगल लेव्हलमध्ये लावले, ड्रमचा शाफ्ट त्यांच्या धारेवर ठेवला आणि बोटाने हलकेच फिरवला. ड्रम गरगरला, मंदावला, थोडा मागे आला आणि थांबला. पुन्हा फिरवला, तीच बाजू खाली, म्हणजे ती जड. तिथे खडूची खूण केली आणि समोरच्या बाजूला पट्टीचा छोटा तुकडा वेल्ड करायला लावला. रात्री साडेअकरापर्यंत हेच. शेवटी ड्रम कुठेही सोडला तरी तिथेच राहायला लागला. डायनॅमिक्सच्या पेपरात बॅलन्सिंगची गणितं मी सोडवली होती, मार्कही पडले होते. वजन कुठे बसलंय हे हाताला कळतं, ते त्या रात्री कळलं.

आणि मग तुम्ही आमची वही मागितलीत. सामानाचा खर्च ४१ हजार, विकायची किंमत ५० हजार. तुम्ही विचारलंत, "तुमची मजुरी कुठंय?" आम्ही म्हटलं, नाना, आम्ही तर अजून शिकतोय. "आन रावेरला रात्री मशीन बंद पडलं, तर कोन जाईल? कोनाच्या पेट्रोलनं?" आम्ही गप्प. तिथेच बसून तुम्ही हिशोब पुन्हा मांडायला लावलात. मजुरी, वीज, टेम्पो, वर्षभराच्या फेऱ्या. किंमत झाली ७८ हजार, आणि पहिला शेतकरी त्या किमतीलाच तयार झाला. ५० हजाराला विकलं असतं तर तिसऱ्या मशीनपर्यंत आम्ही बुडालो असतो, हे आज वही बघून खात्रीने सांगतो.

त्याच वेळी तुम्ही ते बिल हातात दिलंत. तीन महिन्यांची मुदत, सूट एक रुपयाची नाही. खरं सांगतो, तेव्हा वाईट वाटलं होतं. घरी येताना मित्र म्हणाला, "अरे, त्यांनी आपल्याला गिऱ्हाईक मानलं." तोवर आम्हाला सगळ्यांनी हुशार मुलंच मानलं होतं.

इथे काय होणार, पुण्याला जायला हवं, असं मी एकदा म्हटलं तेव्हा तुम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या अमळनेरचं नाव काढलंत. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. जळगावच्या जैन इरिगेशनच्या भवरलाल जैनांनी १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेलच्या धंद्यातून सुरुवात केली, हेही तुम्हीच सांगितलंत. लेथवरचा हात न थांबवता, शेजारच्या गल्लीतली हकिकत सांगावी तसं.

कर्जाचं काम पुढे जिल्हा उद्योग केंद्रातून, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात झालं. पहिल्या बँकेने फाइल परत केली होती, दुसऱ्या बँकेने घेतली. पोरांना एवढंच सांगतो की त्यात स्वतःचा वाटाही घालावा लागतो आणि अनुदान लगेच हातात पडत नाही. आमच्या वाट्याची रक्कम पहिल्या दोन मशीनच्या नफ्यातून आली. म्हणजे त्या वहीतूनच.

नाना, पुढच्या मशीनचा ड्रम मंगळवारी घेऊन येतो. या वेळी बॅलन्सिंग आम्ही करून आणतोय, तुम्ही फक्त अँगलवर एकदा फिरवून बघा. बिल नेहमीच्या दराने करा.

तुमचा,
रावेरचा पोरगा