जवसाचे तेल तळणीसाठी नाही

महोदय,

इतवारी बाजारातून आणलेल्या घाण्याच्या जवस तेलात परवा कारल्याचे काप तळायला घेतले, तर काप सोडण्यापूर्वीच कढईतून धूर निघाला आणि घरभर उग्र वास पसरला. जवसातील ओमेगा-३ मेदाम्ले गुणकारी खरी, परंतु तीच उष्णतेने लवकर बिघडतात; म्हणूनच हे तेल चटणीवर कच्चे घेण्याची आपली वऱ्हाडी-नागपुरी रीत मला योग्य वाटते. तळणीला सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमान लागते, ते रिफाइंड शेंगदाणा तेल सहज सोसते. अर्थात तेही पुन्हा पुन्हा तापवू नये. घाणेवाल्यांनी जवस तेलाच्या बाटलीवर ‘तळणीसाठी नाही’ असे ठळक अक्षरांत छापावे, ही कळकळीची विनंती.

— एक गृहिणी, नागपूर