विषयनोंदणीची तयारी सांगलीतूनच व्हायला हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सांगली, मिरज आणि कऱ्हाड-साताऱ्याकडची बरीच मुले-मुली दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात. विद्यापीठातील प्रवेश, बँकेचे कर्जप्रकरण, व्हिसाची मुलाखत आणि विमानाचे तिकीट यांसाठी मार्गदर्शन करणारी कार्यालये आता आपल्या शहरातही आहेत. मात्र प्रवेश मिळाल्यावर कोणते विषय घ्यायचे, ते कधी व कसे नोंदवायचे आणि नोंदणी अडली तर काय करायचे, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीच्या बाबतीत या अज्ञानाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. ती दुसऱ्या घरांना मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

तिला अमेरिकेच्या मध्य भागातील एका सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. नव्या विद्यार्थ्यांची विषयनोंदणी तिथल्या सकाळी आठ वाजता, म्हणजे आपल्या सायंकाळी साडेसहाला खुली होणार होती. आम्ही सगळे वेळेवर संगणकासमोर बसलो. विषय निवडताच पडद्यावर संदेश आला, की तुमच्या खात्यावर ‘होल्ड’ आहे, म्हणजे नोंदणी रोखून ठेवली आहे. कारण होते लसीकरणाचे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीच्या दोन मात्रांचा दाखला त्या विद्यापीठाला हवा होता. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाही आणि तिच्या लहानपणी गोवराचीही एकच मात्रा दिली जात असे. दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर ठेवावे लागते, त्यामुळे पैसे किंवा ओळख वापरून हा वेळ कमी करणे शक्यच नव्हते. वाईट याचे वाटते, की विद्यापीठाने दिलेल्या नव्या ईमेल पत्त्यावर ही सूचना पाच आठवडे आधीच आलेली होती. आम्ही मात्र तिच्या जुन्याच पत्त्यावर लक्ष ठेवून होतो.

होल्ड उठेपर्यंत हव्या त्या विषयांच्या जागा भरून गेल्या होत्या. तरीही वेटलिस्टमधून जागा मिळण्याची आशा होती, ती वेगळ्याच कारणाने मावळली, आणि माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा तोच आहे. मशीन लर्निंगच्या विषयासाठी ‘संभाव्यता व संख्याशास्त्र’ ही पूर्वअट होती. मुलीने तो भाग इथे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी चांगल्या गुणांनी पूर्ण केला होता. परंतु आपल्याकडे तो स्वतंत्र विषय नसून गणिताच्या पेपरमधील एक-दोन घटकांत सामावलेला असतो आणि गुणपत्रिकेवर केवळ ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ एवढेच नाव छापलेले असते. तिथल्या प्रणालीला ही पूर्वअट पूर्ण झालेली दिसेना. प्राध्यापकांनी सौजन्याने कळवले, की घटक, प्रत्येक घटकाचे तास आणि नेमलेली पुस्तके दाखवणारा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी पाठवल्यास ते स्वतःच्या अधिकारात परवानगी देतील. त्यांच्याकडून इतकी मोकळी वाट मिळूनही आम्हाला ती वेळेत चालता आली नाही.

महाविद्यालयाच्या कार्यालयात मी स्वतः चार खेपा घातल्या. मधल्या काळात अभ्यासक्रम बदललेला असल्याने मुलीच्या तुकडीला लागू असलेली जुनी प्रत कोणाकडे आहे, हे ठरायलाच आठवडा गेला. प्रत सापडल्यावर अशा कागदावर सही करण्याचा अधिकार विभागप्रमुखांचा की प्राचार्यांचा, हा प्रश्न उभा राहिला. कोणी मुद्दाम अडवणूक केली असे मी म्हणणार नाही. असा कागद यापूर्वी कोणी मागितलेलाच नव्हता, त्यामुळे तो देण्याची रीतही नव्हती. कागद हाती आला तेव्हा तिकडे विषय बदलण्याची मुदत संपून तीन दिवस झाले होते. तो विषय तिथे वर्षातून एकदाच शिकवला जातो. त्यावर आधारलेले पुढचे विषय पुढच्या वर्षावर गेले आणि तिचे शिक्षण एका सत्राने लांबले. त्या सत्राची फी, घरभाडे आणि कर्जावर चढलेले व्याज यांचा आकडा येथे लिहीत नाही. निवृत्त शिक्षकाच्या घरात तो किती जड होतो, हे वाचक जाणतील.

ठरलेल्या मुदतीत पुरेसे विषय न नोंदवल्यास प्रश्न व्हिसापर्यंत जातो, हेही पालकांना ठाऊक असले पाहिजे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीचे शिक्षण घेणाऱ्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिटची (विषयाचा भार मोजणाऱ्या श्रेयांकांची) नोंदणी ठेवावी लागते. पदव्युत्तर वर्गासाठी हा आकडा विद्यापीठ ठरवते आणि तो बहुधा ९ असतो. पूर्णपणे ऑनलाइन शिकवल्या जाणाऱ्या विषयांपैकी एकच, तोही जास्तीत जास्त ३ क्रेडिटपुरता, या हिशेबात धरला जातो. त्यामुळे वर्गातल्या जागा संपल्या म्हणून दोन-तीन ऑनलाइन विषय घेऊन आकडा भरून काढता येत नाही. अवघड जाणारा विषय परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागाराची आधी परवानगी न घेता सोडला आणि क्रेडिट किमान मर्यादेखाली गेले, तर व्हिसाच्या अटीचा भंग होतो. मात्र सुरुवातीच्या काळात भाषेची अडचण, तिथल्या अध्यापनपद्धतीची सवय नसणे किंवा चुकीच्या पातळीचा विषय घेतला जाणे, अशा कारणांसाठी हा सल्लागार कमी क्रेडिटची परवानगी देऊ शकतो. आपली मुले संकोचाने त्याच्याकडे जात नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

जर्मनीत शिकणाऱ्या, आमच्याच गल्लीतील एका मुलाची अडचण निराळी होती. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत विषयाची नोंदणी आणि त्या विषयाच्या परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने सत्रभर तासांना हजेरी लावली, पण परीक्षेची नोंदणी राहून गेल्याने त्याला पेपर देता आला नाही.

या साऱ्याच्या मुळाशी आपली सवय आहे, असे मला शिक्षक म्हणून वाटते. आपल्याकडे शाखेला प्रवेश मिळाला की विषय आपोआप मिळतात आणि वेळापत्रक फलकावर लागते. विद्यार्थ्याने निवड करायची असते, ती फार तर एखाद्या ऐच्छिक विषयापुरती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही मुख्य, दुय्यम आणि इतर शाखेतील विषय अशी रचना आली आहे, आणि २०२१ पासून क्रेडिट साठवणारी शैक्षणिक बँकही अस्तित्वात आहे. निवड करण्याची, पूर्वअट तपासण्याची आणि मुदत पाळण्याची सवय मुलांना यातून लागू शकते. त्यासाठी अर्ज कार्यालयातून परस्पर भरून घेण्याऐवजी निवडीचे काम मुलांवर सोपवावे लागेल.

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांना माझी विनंती आहे, की अंतिम वर्ष उत्तीर्ण होणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला हवा असेल, त्याला त्याच्या तुकडीला लागू असलेला संपूर्ण अभ्यासक्रम, घटक, तास व पुस्तकांसह, सही-शिक्का करून गुणपत्रिकेसोबतच द्यावा आणि त्याची संगणकीय प्रतही जपून ठेवावी. अशा कागदावर सही कोणी करायची, हे प्रत्येक महाविद्यालयाने एकदाच लेखी ठरवून टाकावे. यासाठी फार खर्च येणार नाही. शुल्क आकारले तरी पालक ते आनंदाने भरतील. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले, की आपल्याकडे विजेचा आणि इंटरनेटचा भरवसा राहत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत तिकडची नोंदणी चालू असते, म्हणून हे काम जूनपूर्वीच उरकणे श्रेयस्कर.

त्याचप्रमाणे सुटीत गावी आलेल्या माजी विद्यार्थ्यांना महाविद्यालयांनी एका संध्याकाळी बोलावून, प्रवेश मिळालेल्या मुलांसमोर प्रत्यक्ष नोंदणी कशी करतात ते दाखवायला सांगावे. सल्ला देणाऱ्या कार्यालयांचे काम व्हिसा मिळाला की संपते. पुढची वाट ज्याने स्वतः चालून पाहिली आहे, त्यालाच ती नीट सांगता येते.

माझ्या मुलीने लसीकरणाच्या दाखल्यापासून पूर्वअटीच्या सवलतीसाठी प्राध्यापकांना लिहायच्या पत्रापर्यंत सर्व टप्प्यांची मराठीत टिपणे तयार केली आहेत. एखाद्या महाविद्यालयाने किंवा वाचनालयाने ती मागितल्यास आपल्या कार्यालयामार्फत मी ती विनामूल्य पोहोचवीन आणि पुढच्या मे महिन्यात मुलगी सांगलीत येईल तेव्हा बोलायलाही येईल.

आपला विश्वासू,
एक पालक व निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली