वायरीचा भाव रोज बदलतो, मग आमचा रेट दिवाळीतलाच कसा चालंल?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी परभणीत बावीस वर्षांपासून लाईट फिटिंगची गुत्ती घेतो, लायसन्स आहे, हाताखाली चार पोरं आहेत. सिमेंट, लोखंड, वाळू महागली की पेपरात लगेच बातमी येती पण भिंतीच्या आत जाणाऱ्या वायरीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र लिहायलोय.

गेल्या दिवाळीत एका शेतकरी काकांच्या घराचं काम धरलं. पॉइंटप्रमाणे, म्हणजे एकेका दिव्या-पंख्या-प्लगच्या जागेमागं रेट, वायरीसकट. स्लॅबच्या वेळी पाइप टाकले, मग काकांचे पैसे अडकले, सोयाबीन पावसानं हातचं गेलं होतं, प्लास्टर रेंगाळलं आणि वायर ओढायची वेळ आली फाल्गुनात. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणला हा रेट आजचा, उद्याचं उद्या बघू. काकांपाशी वाढलेल्या रेटचा विषय काढला तर ते एवढंच म्हणले, "अरे बाबा, तू शब्द दिला व्हता ना." शब्द दिला होता हे खरंय. काम त्याच रेटनं केलं, पोरांची मजुरी दिली आणि मला त्या घरात काही उरलं नाही.

लोकांना वाटतं गुत्तेदार फसवायलाय, म्हणून हिशेब सांगतो. अडीच एमएमच्या (म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) 90 मीटर कॉइलमध्ये, म्हणजे गुंडाळीत, साधारण 2 किलो तांबं असतं, दीडच्या कॉइलमध्ये सव्वा किलोच्या आसपास. तांबं किलोमागं 100 रुपयांनी चढलं की अडीचच्या एका कॉइलमागं 200 रुपये वाढले, वर 18 टक्के जीएसटी धरला की 236. साध्या घरालाही लहानमोठ्या दहा-बारा कॉइल सहज लागतात. परत पाइप आणि वायरीवरचं पीव्हीसी, बोर्ड, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंगचं सामान हे सगळं वेगळंच. आणि हा तांब्याचा भाव काही परभणीत ठरत नाही, लंडनच्या मेटल एक्सचेंजवर डॉलरमध्ये ठरतो. मार्च 2020 मध्ये टनाला 5,000 डॉलरच्या खाली होता, मे 2024 मध्ये 10,000 च्या वर गेला आणि 2025 संपता संपता 12,000 च्याही पुढं. गाड्या विजेवर चालल्यात, सोलर वाढलंय, सगळ्यालाच तांबं लागतंय. त्यात आपल्याकडं तामिळनाडूतल्या तुतिकोरिनचा वर्षाला 4 लाख टनांचा तांब्याचा कारखाना 2018 मध्ये बंद झाला, तवापासून आपल्याला बाहेरून जास्त तांबं आणावं लागतंय. म्हणजे रुपया घसरला तरी वायर महाग.

काकांचंही मला कळतं हो. सोयाबीनचा हमीभाव 2020 च्या हंगामात क्विंटलला 3,880 होता, 2025 च्या हंगामात 5,328 झाला, तोही बाजारात किती जणांच्या हातात पडला ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्याच काळात तांबं अडीच पट. काकांनी कुठून द्यायचे वाढीव पैसे. काही जण म्हणतात जीएसटी तर कमी झालाय ना, मग तुमचा रेट का उतरत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कमी झाला तो सिमेंटचा, 28 वरून 18. वायरीवर आधीपासून 18 होता, तो तेवढाच राहिला.

खरी भीती पुढंच आहे. रेट पुरत नसला की काही जण वायरीत काटतात. मागच्या उन्हाळ्यात एका घरी बोलावलं, एसी लावला की बोर्डातून जळका वास येतो म्हणून. घर जेमतेम तीन वर्षांचं. बोर्ड उघडला, वायरीचं कव्हर मऊ पडून काळं झालेलं, तार ब्लेडनं खरवडली तर वरचं तांबं निघालं आणि आत पांढरी फक ॲल्युमिनियमची तार. वर मात्र तांब्याचं नाव छापलेलं. दुसरा प्रकार म्हणजे दीड छापायचं आणि आत सव्वाच्याही आत भरायचं. दीडच्या जागी 1.2 ची तार असली की त्याच लोडला ती 25 टक्के जास्त तापती. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, भिंतीच तापलेल्या असतात, त्यात कूलर, एसी, पाण्याची मोटर एकदम चालू, ती तार काय टिकायची. आणि प्लास्टर झाल्यावर आत काय आहे ते घरमालकाला कसं दिसणार.

सरकारी कामांचं तर विचारू नका. एका शाळेच्या वायरिंगचं टेंडर भरलं, वर्क ऑर्डर यायला सहा-सात महिने गेले, तवर वायर कुठल्या कुठं. छोट्या कामाला भावफरक, म्हणजे मधल्या काळात माल महागला तर वाढीव पैसे, नाही म्हणले. बिल अजून अडकलेलं आहे आणि दुकानदार उधारीसाठी रोज फोन करायलाय. असं असताना लोक सरकारी अंदाजाच्या वीस-वीस टक्के खाली (बिलो) टेंडर भरतात, त्या कामात कसली वायर जात असंल ते मला बोलवत नाही, शाळेत लेकरं बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की मजुरी आणि माल वेगळा करा. घरमालकानं वायर स्वतः दुकानात जाऊन घ्यावी, आयएसआय मार्क बघून, पक्कं बिल घेऊन, आम्ही मजुरी घेऊ. ज्याला धावपळ जमत नाही त्यानं कोटेशनवर त्या दिवशीचा कॉइलचा भाव लिहून घ्यावा, ओढायच्या दिवशी जो फरक निघंल तो दोघांनी मानायचा, उतरला तर आम्ही कमी घेऊ. मी आता तसंच करायलोय, दोन गिऱ्हाइकं त्यामुळं सोडून गेली, तरी करतोय. सरकारनंही छोट्या कामांना निदान वायर-केबलपुरता तरी भावफरक द्यावा आणि बिलं वेळेत काढावीत.

आणि तुम्हाला एक विनंती. पेपरात रोज सोन्या-चांदीचा भाव छापता, त्याच्याच खाली एका ओळीत तांब्याचा किलोचा भाव पण छापा. गिऱ्हाईक आणि मी दोघं एकच आकडा बघून बोलू.

आपला,
एक लाईट फिटिंग गुत्तेदार, परभणी