लायसन्सच्या आधी

सोन्या,

परवा रात्री तू आणि डॅड मागच्या गल्लीत गाडीत बसला होतात. इंजिन बंद, आतला दिवा चालू. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. डॅड तुला हात कुठे ठेवायचे ते दाखवत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं उघडी. मग त्याने गाडीचे कागद खालच्या कप्प्यातून काढले आणि वर सन व्हायझरला क्लिप लावून अडकवले. पोलिसाने मागितले तर तुझा हात खाली जायला नको म्हणून. खाली गेलेला हात कशासाठी गेला, हे बाहेर उभा असलेला माणूस आपल्या मनाने ठरवतो. पंधरा पूर्ण झाली, गाडी शिकायचं परमिट हातात आलं, आणि रिव्हर्स घ्यायच्या आधी तू हे शिकलास.

शेजारच्या तुझ्या मित्रालाही त्याच आठवड्यात परमिट मिळालं. त्याच्या बापाने त्याला एकच ताकीद दिली म्हणे, गाडीत पिझ्झा खायचा नाही.

डॅडला, काळ्या मुलाच्या काळ्या बापाला, जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलं. त्याला ते त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं. माझं सांगायचं राहिलंय. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत आपली भांडणंच जास्त होतात. बोट ठेवून सावकाश वाच. अडलं तर मला विचार, आजीला फोन लावू नकोस, तिला बीपी आहे.

आधी माफी मागते. तू अकरा वर्षांचा असताना आपण बूट घ्यायला गेलो होतो. तू कंटाळून माझ्या पर्सचा पट्टा ओढत मागे मागे येत होतास. दुकानातला गार्ड जवळ आला आणि अगदी अदबीने मला म्हणाला, "मॅडम, हा मुलगा तुम्हाला त्रास देतोय का?" मी हसले. "नाही नाही, माझाच आहे," असं म्हणून हसले, जसं काही त्याने विनोद केला होता. तोही हसला. आपण बूट घेतले. परत येताना तू गाडीत एक शब्द बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. बूट तू कधी घातलेही नाहीस, पुढे लहान झाले म्हणून देऊन टाकले.

ते हसू माझं जुनं आहे. 1998 साली पुण्यात खोली शोधत होते. मालकीणबाईंनी पंखा लावला, चहा दिला, डिपॉझिट ठरलं. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. "अय्या, विसरलेच बघा, भाच्याला शब्द दिलाय." मी हसून म्हटलं, काही हरकत नाही काकू. नागपूर स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी आजोबांनी मला बजावलं होतं, आडनाव विचारतील, खोटं सांगू नकोस, पण आपणहून सांगायची घाईही करू नकोस. डॅडने तुला गल्लीत जे सांगितलं, तेच आजोबांनी मला प्लॅटफॉर्मवर सांगितलं, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

पण ते तेच नाही. मला निदान चहा मिळाला. आडनाव तोंडातून बाहेर पडेपर्यंत मी कुणीही असू शकत होते. तुला तेवढीही सवड नाही. आणि इथे शिकागोत तर मी भारतीय इंजिनिअर बाई, शिकलेली, सरळमार्गी. त्या गार्डला माझी काळजी वाटली, तुझ्यापासून. आपलेही काही कमी नाहीत. मावशी व्हिडिओ कॉलवर "उन्हात खेळून अजून काळा झाला का गं" म्हणते आणि मी विषय बदलते. आता बदलणार नाही.

गार्डला अकरा वर्षांचं पोर दिसलंच नव्हतं. 2014 साली मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुन्ह्यातला संशयित म्हणून काळा मुलगा दाखवला, तर लोकांनी त्याचं वय सरासरी 4.5 वर्षांनी जास्त धरलं. वयाच्या दहाव्या वर्षापासूनच काळी मुलं त्यांना गोऱ्या मुलांपेक्षा कमी निरागस वाटत होती. तू आता 15चा आहेस. बेरीज तूच कर.

हात नीट ठेवले की सगळं नीट होईल, असं मी तुला सांगणार नाही. एमेट टिल हा काळा मुलगा आपल्याच शिकागोचा. 1955च्या उन्हाळ्यात नातेवाइकांकडे मिसिसिपीला निघाला, तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिलने, त्याला सगळं समजावलं होतं. तिकडे कसं बोलायचं, कुणासमोर मान खाली घालायची, सगळं. तो 14 वर्षांचा होता. तिकडे त्याला ठार मारणारे गोऱ्या ज्युरीपुढे निर्दोष सुटले. तिने इथे शवपेटी उघडी ठेवायला लावली, हजारोंनी रांगा लावून बघितलं. तिचं सांगण्यात काही चुकलं होतं, असं कुणी म्हणत नाही. तरीही सांगावं लागतंच, म्हणून डॅड गाडीत बसला होता.

आता घराची गोष्ट. त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

थँक्सगिव्हिंगला तू विचारलंस, मित्राच्या पणजोबांचं घर अजून त्यांच्याकडे आहे, ते विकून त्याच्या बहिणीची कॉलेजची फी भरणार आहेत, मग आपल्या पणजोबांनी काहीच कसं ठेवलं नाही? डॅड उठून ताटं गोळा करायला लागला. तुला वाटलं, पणजोबा उधळे असतील. तुझ्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

पणजोबा मिसिसिपीहून आले ते पोलाद कारखान्यात लागले. पगार बरा होता, बायकोही काम करायची. घर घ्यायचं ठरवलं, पण बँक दारात उभं करेना. 1930च्या दशकात सरकारच्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे रंगवले होते. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि तांबडा म्हणजे धोका. काळ्यांची वस्ती जवळपास सगळीकडे तांबडी. 1934पासून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन घरकर्जाला हमी द्यायला लागली, पण काळे राहतात तिथे ती द्यायचीच नाही, असा रिवाज. हमी नाही, म्हणून कर्ज नाही. हे कुणी दंडुका घेऊन केलं नाही. कचेरीत बसून, रंगीत पेन्सिलींनी केलं.

मग दलाल आले. "काळे येताहेत, भाव पडेल" म्हणून गोऱ्या घरमालकांना घाबरवायचं, त्यांचं घर स्वस्तात घ्यायचं आणि तेच दुपटीने काळ्या कुटुंबाला विकायचं, करारावर. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल भागात 1950 साली बहुतेक वस्ती गोरी होती, 1960 साली दहातले नऊ जण काळे. करार म्हणजे काय, तर डाउन पेमेंट तुमचं, हप्ते तुमचे, छत गळलं तर दुरुस्ती तुमची, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला की बाहेर, भरलेलं सगळं बुडालं, आणि पुढच्या महिन्यात त्याच घराला नवं गिऱ्हाईक.

पणजोबांनी 1956 साली असं घर घेतलं. 1959च्या जुलैमध्ये देशभर पोलाद कामगारांचा संप झाला, 116 दिवस चालला. तीन वर्षं न चुकता भरणाऱ्या माणसाचे दोन हप्ते राहिले. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्यांचं सामान फूटपाथवर होतं. आता तुला कळलं असेल, डॅड त्या दिवशी ताटं का गोळा करत होता.

1968 साली लॉनडेलमध्ये अशा कुटुंबांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग ही संघटना काढली, हप्ते भरायचे थांबवले, शेरीफने बाहेर काढलेलं सामान परत आत नेलं, आणि शेकडो जणांनी करार बदलून घेतले. पणजोबांच्या उपयोगाला ते आलं नाही. ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2019 साली हिशेब मांडला, की 1950 ते 1970 या वीस वर्षांत शिकागोच्या काळ्या कुटुंबांचे या करारांत 3 ते 4 अब्ज डॉलर गेले. त्यात कुठेतरी तुझी कॉलेजची फी आहे. पणजोबा उधळे नव्हते. त्यांच्या हप्त्यांच्या पावत्या डॅडने बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, वरच्या कपाटात, हिवाळ्याच्या रजयांमागे. काढून बघ. प्रत्येक पावतीवर तारीख आहे, एकही उशिराची नाही, त्या संपापर्यंत.

ग्रॅनी पहिल्यांदा आपल्या घरी आल्या तेव्हा बाबासाहेबांच्या फोटोपुढे थांबल्या. सूट, टाय, चष्मा. म्हणाल्या, "वकील दिसतो." म्हटलं, हो, आमचा. त्या फोटोतल्या माणसाने 1946 साली अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, असं विचारलं होतं. अर्ज कसा लिहायचा हे त्यांना दुसऱ्याचं बघून घ्यायचं होतं. आणि त्याच्याही आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती इथल्या गुलामांना मुक्त करायला झटलेल्या माणसांना. डॅडची आणि माझी ओळख झाल्यावर तिसऱ्याच भेटीत मी त्याला हे सांगितलं होतं. तो म्हणाला, एवढ्या जुन्या ओळखीवर कॉफीचे पैसे तू दे.

लायसन्ससाठी लागणाऱ्या सरावाच्या 50 तासांतले तुझे 18 झालेत, आणि रात्रीचे 10 तर सगळेच बाकी आहेत. शनिवारी डॅडला झोपू दे, मी शेजारी बसते. लॉनडेलला जाऊ. घर पाडून टाकलंय, तिथे नुसतं गवत आहे. शेजारचे दोन प्लॉटही तसेच. पॅरलल पार्किंगला एवढी मोकळी जागा शिकागोत दुसरीकडे मिळायची नाही.

कागद वर व्हायझरलाच राहू दे.

तुझी,
आई